मनमिळाऊ की गळेपडू, अबोल की शिष्ट? माणसाच्या स्वभावाला मराठीत नेमका शब्द कसा शोधायचा

माझं शिक्षण हिंदी माध्यमात झालं. घरी मराठी होती, पण ती घरापुरती, म्हणजे जेवायला ये, अभ्यास झाला का, दिवे बंद कर एवढीच. नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा दिवसभर मराठीत वावरायची वेळ आली आणि तिथे माझी सगळ्यात जास्त अडचण झाली ती माणसांबद्दल बोलताना. वस्तूंना शब्द सापडायचे, कामाला सापडायचे, पण अमुक माणूस कसा आहे हे सांगायला गेलं की काहीतरी चुकायचं आणि समोरच्याचा चेहरा बदलायचा.

एक प्रसंग अजून डोळ्यासमोर आहे. आमचे एक वरिष्ठ निवृत्त होत होते, अतिशय सौम्य माणूस, शिपायालाही अहो-जाहो करणारे. निरोपाच्या कार्डावर मी लिहिलं, 'आपल्यासारखा शिष्ट माणूस मी पाहिला नाही.' हिंदीत शिष्ट म्हणजे सभ्य, सुसंस्कृत, मला तेच म्हणायचं होतं. ते कार्ड वाचत होते, बोट ओळीवरून पुढे जात होतं आणि त्या शब्दावर येऊन थांबलं. मग त्यांनी कार्ड मिटलं आणि शांतपणे खिशात ठेवलं. बोलले काहीच नाहीत. संध्याकाळी एका मैत्रिणीने मला सांगितलं की अगं, मराठीत 'शिष्ट' म्हणजे नाक वर करून वागणारा, लोकांना आपल्यापेक्षा कमी समजणारा. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी मोठ्या मनाने घेतलं, पण ती रात्र मी झोपले नव्हते.

तेव्हापासून मी हे शब्द गोळा करतेय. त्यातून जे कळलं ते पायरी पायरीने लिहिते. नव्याने मराठीत लिहायला-बोलायला लागलेल्यांना, किंवा मराठी येते पण लिहायची वेळ आली की अडखळायला होतं त्यांना उपयोग व्हावा. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते: ह्या विषयातले मराठी शब्द क्वचितच कोरे असतात. जवळजवळ प्रत्येक शब्दात बोलणाऱ्याचं कौतुक, वैताग किंवा संशय मिसळलेला असतो. त्यामुळे शब्द निवडताना तुम्ही त्या माणसाचं वर्णन करता आणि त्याच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं तेही सांगून टाकता.

आधी काय काय लागेल

- एक वही. मोबाईलमधली नोंद पण चालेल, पण प्रत्येक शब्दापुढे तो ज्या वाक्यात ऐकला ते अख्खं वाक्य लिहायचं. नुसता शब्द आणि अर्थ लिहून काही उपयोग होत नाही, मी दोन वह्या अशा वाया घालवल्यात.
- एक मोठा शब्दकोश. दाते-कर्वे मंडळींनी केलेला महाराष्ट्र शब्दकोश सात खंडांचा आहे, १९३२ ते १९३८ ह्या काळात आला. त्याच्याही आधीचा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. दोन्ही आता ऑनलाईन शोधता येतात. जुने अर्थ, म्हणी, शब्दाची गंमत कळायला हे उत्तम. मात्र आज तो शब्द कानाला कसा लागतो हे कोश सांगणार नाही.
- म्हणून तिसरी गोष्ट, एक विश्वासाचं मराठी माणूस, ज्याला तुम्ही बिनधास्त विचारू शकता की 'हे वाक्य तुझ्याबद्दल लिहिलं तर तुला कसं वाटेल?'

१. शब्द शोधायच्या आधी 'का' ते बघा

इंग्रजीतून विचार केला की दोनच खोके डोक्यात येतात, सोशल आणि अनसोशल. मराठीत तसं चालत नाही. गप्प बसणारा माणूस का गप्प आहे ह्यावर शब्द ठरतो. लाजतो म्हणून गप्प आहे? गरज वाटत नाही म्हणून? राग धरून बसलाय? लोकच आवडत नाहीत? की काही लपवतोय? ह्या पाच जणांना पाच वेगळे शब्द आहेत आणि एकाचा शब्द दुसऱ्याला लावला तर सरळ सरळ अन्याय होतो.

तसंच बोलणाऱ्याचं. लोकांत रमतो म्हणून बोलतो, की स्वतःचा आवाज आवडतो म्हणून, की काम साधायचंय म्हणून? हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो, तेवढा द्या.

२. बोलणारी माणसं: कौतुकापासून वैतागापर्यंत

'बोलका' हा सगळ्यात निर्धास्त शब्द. मूल बोलकं असतं, चेहरा बोलका असतो, डोळेही बोलके असतात. ह्यात जिवंतपणा आहे, टीका अजिबात नाही.

'गप्पिष्ट' म्हणजे गप्पांची आवड असलेला. हा पण चांगला, थोडा खेळकर. 'कोपिष्ट' मध्ये जो 'इष्ट' आहे तोच इथे, म्हणजे त्या गोष्टीत मुरलेला.

'बडबड्या' लहान मुलाला म्हटलं तर लाडाचं, मोठ्या माणसाला म्हटलं तर वैतागाचं. पाच वर्षांच्या पोरीला 'किती बडबडी आहे गं' म्हणताना सगळे हसत असतात, हेच वाक्य पन्नाशीच्या बाईबद्दल म्हणून बघा, लगेच फरक कळेल.

'बोलघेवडा' इथे तुम्ही टीकेच्या हद्दीत आलात. बोलायला पुढे, करायला मागे असा माणूस. 'गोडबोल्या' पण तसाच, गोड बोलतो पण विश्वास ठेवू नका असा इशारा त्यात आहे. आपण चांगल्या अर्थाने 'खूप गोड बोलतो' म्हणतो ते ठीक, पण 'गोडबोल्या आहे' म्हटलं की अर्थ फिरला.

'वाचाळ' तर पूर्ण निंदेचा शब्द, आणि ही निंदा आजची नाही. पाणिनीच्या व्याकरणात 'वाचाल' आणि 'वाचाट' हे शब्द पुष्कळ बोलणाऱ्यासाठी सांगितलेत आणि त्यावर वार्तिककाराने (म्हणजे पाणिनीच्या सूत्रांना पुरवणी जोडणाऱ्याने) जोड दिलीय की हे निंदेच्या अर्थीच समजायचं. पुष्कळ पण चांगलं बोलणारा असेल तर त्याला 'वाग्मी' म्हणायचं, त्याचं सूत्र लगेच आधीचं आहे. म्हणजे दोन हजारांहून जास्त वर्षं हा शब्द नाक मुरडूनच उच्चारला जातोय. वर्तमानपत्रात 'वाचाळ नेते' असं छापून येतं ते त्याच वळणाचं. मी एका परिचयपत्रात 'वाचाळ आणि उत्साही' असं कौतुक म्हणून लिहिलेलं वाचलंय, लिहिणाऱ्याला नक्की बोलकाच म्हणायचं होतं.

वाक्प्रचारांमध्ये 'तोंडाची टकळी चालू असणे' हा मला फार आवडतो. टकळी म्हणजे सूत काततात ती छोटी चाती, एकदा गिरकी दिली की फिरतच राहते आणि खाली धागा सुटत जातो. न थांबता बोलणाऱ्याचं इतकं नेमकं चित्र दुसरं नाही. ह्यात वैताग आहे पण द्वेष नाही. 'तोंडाचा पट्टा सुटणे' मात्र वेगळं, तिथे समोरच्यावर वार होतायत, माणूस चिडून सुनावतोय. हे दोन एकमेकांच्या जागी वापरू नका.

३. बोलका म्हणजे मनमिळाऊ नव्हे

नव्या माणसाची इथे हमखास गल्लत होते. बोलणं वेगळं आणि माणसं जोडणं वेगळं. अगदी कमी बोलणारा माणूस शंभर घरांत आपला असू शकतो.

'मनमिळाऊ' म्हणजे ज्याचं मन दुसऱ्याच्या मनाशी जुळतं, जो भांडण न करता मिळून मिसळून राहतो. शब्द सुंदर आहे पण इतका वापरला गेलाय की झिजलाय. श्रद्धांजलीत सगळे मनमिळाऊ असतात, लग्नाच्या बायोडेटात सगळे मनमिळाऊ असतात. तुम्हाला खरंच काही सांगायचं असेल तर ह्या शब्दापाशी थांबू नका, पुढचे बघा.

'माणसं जोडणारा' हे माझ्या मते मराठीतलं सगळ्यात मोठं कौतुक आहे. 'त्याने आयुष्यात माणसं जोडली' असं म्हटलं की पैसा, पद सगळं बाजूला पडतं.

'लोकसंग्रह दांडगा आहे' हे वयाने किंवा कामाने मोठ्या माणसाबद्दल म्हणतात, ओळखी खूप आणि त्या टिकवलेल्या. मूळ शब्द गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला, तिथे अर्थ लोकांना धरून ठेवणं, लोकांचं हित असा आहे. रोजच्या मराठीत तो माणसांच्या गोतावळ्यावर आला. विशीतल्या मुलाला हा शब्द लावू नका, जड होतो, त्याला 'मित्रपरिवार मोठा आहे' म्हणा.

'लाघवी' म्हणजे वागण्या-बोलण्यात असा गोडवा की समोरचा आपोआप ओढला जातो. 'अगत्यशील' म्हणजे आल्या-गेल्याचं मनापासून करणारा. 'दिलखुलास' म्हणजे आडपडदा न ठेवता हसणारा-बोलणारा. 'माणूसवेडा' म्हणजे माणसांशिवाय ज्याला करमतच नाही. चारही चांगले, पण एकमेकांचे पर्याय नाहीत. दिलखुलास माणूस अगत्यशील असेलच असं नाही, तो तुमच्याशी तासभर हसून बोलेल आणि पाणी विचारायचं विसरेल.

आता ह्याच रस्त्याने थोडं जास्त पुढे गेलं की 'गळेपडू' (नको असताना सलगी करणारा), 'लोचट' (झिडकारलं तरी येणारा), 'आगाऊ' (वय, हुद्दा न बघता पुढे पुढे करणारा), 'भोचक' (दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारा) हे सगळे लागतात. भोचकपणासाठी एक जुना शब्द आहे ज्यात एका जातीचं नाव येतं, तुम्हीही ऐकला असेल. तो सोडून द्या. 'नसत्या चौकशा' म्हटलं की काम भागतं आणि कोणाचा अपमानही होत नाही.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. पुरुष मोकळेपणाने चार लोकांत हसला-बोलला की तो दिलखुलास, आणि बाई तशीच वागली की 'जरा जास्तच मोकळी आहे'. 'भटकभवानी' हा शब्द बाईलाच चिकटतो, तेवढंच फिरणाऱ्या पुरुषाला 'भटक्या' म्हणतात आणि त्यात कौतुकही असतं. हे शब्द तुम्हाला ऐकू येणार, अर्थ माहीत असायला हवा, पण आपल्या तोंडात येऊ देऊ नका. बाई दिलखुलास असेल तर तिला दिलखुलासच म्हणा, शब्द तिलाही तसाच्या तसा लागतो.

४. गप्प माणसं: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझी भाची नऊ वर्षांची असताना तिच्या प्रगतिपुस्तकात एक ओळ आली होती: 'मुलगी घुमी आहे. वर्गात बोलत नाही.' बहीण ते घेऊन माझ्याकडे आली. आम्ही बोलत असताना ती त्या ओळीवरून अंगठा फिरवत होती, जसं काही घासून पुसलं जाईल. आणि तीच पोरगी त्या वेळी गच्चीत माझ्या मुलाला मुंग्यांबद्दल समजावत होती, मुंगी वाट कशी ओळखते, दोघी समोरासमोर आल्या की थांबतात का, दम न घेता. ती नव्या ठिकाणी बुजायची एवढंच. लिहिणाऱ्या बाईंचा हेतू वाईट नसणार, पण शब्द चुकला आणि तो घरात वर्षभर राहिला.

म्हणून एकेक नीट बघू.

अबोल म्हणजे कमी बोलणारा. शांत शब्द, दोष नाही. थोडा हळवाही आहे. शंका असेल तेव्हा हा वापरा.

मितभाषी म्हणजे मोजकं बोलणारा, मित म्हणजे मापलेलं. ह्यात आदर आहे, म्हणजे बोलतो तेव्हा ऐकण्यासारखं बोलतो. मोठ्या माणसासाठी, लिखाणात छान. लहान मुलाला मितभाषी म्हणणं मात्र कानाला विचित्र लागतं.

लाजाळू आणि संकोची जवळजवळचे. लाजाळूत कोवळेपणा आहे, त्याच नावाचं झाड हात लावला की पानं मिटतं तसा. संकोची माणसाला वाटत राहतं की आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होईल.

बुजरा हा 'बुजणे' वरून आलेला. घोडा बुजतो, बैल बुजतो, म्हणजे अचानक काही अनोळखी दिसलं की अंग आखडून मागे सरतो. माणसाचंही तेच, नव्या जागेची, नव्या चेहऱ्यांची भीती. ह्या शब्दात आशा आहे, कारण बुजलेलं जनावर सवयीने निवांत होतं. माझ्या भाचीला हा शब्द होता.

भिडस्त बद्दल खूप गैरसमज आहे. भिडस्त माणूस गप्प असेलच असं नाही, तो चांगल्या गप्पा मारेल. त्याची अडचण ही की त्याला 'नाही' म्हणता येत नाही, स्वतःचं मागता येत नाही. उसने दिलेले पैसे परत मागायला दहा वेळा फोन उचलून ठेवणारा तो भिडस्त. म्हणूनच 'भीड ही भिकेची बहीण' अशी म्हण आहे.

मुखदुर्बळ म्हणजे मनात आहे, कळतंय, पण वेळेवर तोंडातून शब्द फुटत नाही. ह्यात सहानुभूती आहे.

घुमा म्हणजे आत काहीतरी साठवून गप्प बसलेला. संशय आणि नाराजी दोन्ही आहे ह्या शब्दात, 'काय चाललंय मनात कळू देत नाही' अशी तक्रार. लहान मुलाबद्दल लिखाणात कधीच वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कुढा हा आतल्या आत कुढणारा, दुःख गिळून बसणारा. हा ऐकला तर टीका करू नका, त्या माणसाशी बोला.

आतल्या गाठीचा म्हणजे मुद्दाम लपवणारा, डाव मनात ठेवणारा. 'खाली मुंडी पाताळ धुंडी' ही म्हण ह्याच्याच घरची, वर वर गरीब आणि आतून पोचलेला. शांत माणसाला उगाच हे चिकटवू नका, हा आरोप आहे.

एकलकोंडा म्हणजे स्वतःला कोंडून घेऊन एकटा राहणारा. थोडी काळजी, थोडी टीका. तोच माणूस स्वतःच्या आवडीने एकटा आणि सुखात असेल तर एकांतप्रिय म्हणा. इथे मराठीची एक फार चांगली सोय आहे: 'एकांत' हवासा असतो आणि 'एकाकीपणा' नकोसा. संतांच्या अभंगांत एकांत मागून घेतलेला असतो. म्हातारपणी घरात कोणी नाही त्याला एकांत म्हणत नाहीत, ते एकाकीपण. दोन शब्द कधीच गोंधळू देऊ नका.

तुसडा, तिरसट, खडूस ही वेगळी जात. हे गप्प नाहीत, हे बोलतात पण लागेल असं. तुसडा माणूस जवळ आलेल्याला झिडकारतो, तिरसट वाकड्यात शिरतो. खडूस रोजच्या बोलण्यातला, मित्राला हसतही म्हणतात, पण लिखाणात नको.

माणूसघाणा सगळ्यात टोकाचा. शब्दच बघा, ज्याला माणसांची घाण येते तो. आयुष्यात दोन-तीनदाच वापरायची वेळ येईल असा शब्द आहे, पण आजकाल सुट्टीच्या दिवशी घरी बसणाऱ्यालाही लोक सहज माणूसघाणा म्हणतात. त्याला घरकोंबडा म्हणा, तो चेष्टेचा आहे, दुखत नाही.

आणखी एक सापळा. 'मूग गिळून गप्प बसणे' आणि 'अळीमिळी गुपचिळी' हे स्वभावाचे शब्द नाहीत. पहिलं म्हणजे बोलायला हवं होतं तिथे न बोलणं, दुसरं म्हणजे सगळ्यांनी मिळून एखाद्या गोष्टीवर चूप राहणं. 'तो मुळातच मूग गिळून बसणारा आहे' असं अबोल माणसाबद्दल म्हटलं तर तुम्ही त्याला भित्रा ठरवता.

५. हिंदी-इंग्रजीवरून येणारे सापळे

*शिष्ट.* माझी गोष्ट वर सांगितलीच. शिष्टाचार चालतो, शिष्टमंडळ चालतं, पण माणसाला नुसतं शिष्ट म्हटलं की अपमान. सभ्य, सुसंस्कृत, सौजन्यशील, अदबशीर हे घ्या.

*सामाजिक.* 'ती खूप सामाजिक आहे' हे मराठी नाही. सामाजिक म्हणजे समाजाशी संबंधित, सामाजिक प्रश्न, सामाजिक काम. लोकांत मिसळणारी म्हणायचं असेल तर सरळ 'सोशल आहे' म्हणा, आता रुळलंय, किंवा 'माणसांत रमते' म्हणा.

*अँटीसोशल.* मुलं सर्रास म्हणतात, 'मी अँटीसोशल आहे, पार्टीला येत नाही.' त्याचा खरा मराठी अर्थ समाजविघातक, समाजकंटक, म्हणजे पोलिसांच्या बातमीतला. 'मला गर्दी नको वाटते' इतकं साधं वाक्य हाताशी असताना स्वतःला कंटक कशाला म्हणायचं.

*अंतर्मुख.* कार्ल युंग ह्या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये माणसांच्या स्वभावाचे प्रकार मांडले, त्यातल्या जोडीला मराठीत अंतर्मुख आणि बहिर्मुख म्हणतात, आणि दोन्हीकडे झुकणाऱ्याला उभयमुखी. ते बरोबर आहे. पण 'अंतर्मुख होणे' ह्याचा रोजचा अर्थ वेगळाच आहे, स्वतःच्या आत डोकावणं, आपलं काय चुकलं ते बघणं. 'त्यांचं भाषण ऐकून मी अंतर्मुख झालो' म्हणजे मी विचारात पडलो, मी लोकांशी बोलणं सोडलं असं नव्हे. स्वभाव सांगायचा तर 'अंतर्मुख स्वभावाचा' असं पूर्ण लिहा.

*स्वमग्न.* हा सगळ्यात जपून. ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. स्वतःच्या विचारात हरवलेल्या माणसाला स्वमग्न म्हटलं तर वाचणारा वेगळाच अर्थ घेईल. तिथे 'आपल्याच नादात असतो', 'आपल्याच विश्वात असतो' म्हणा. आणि जे खरंच स्वमग्न आहेत त्यांना घुमा, एकलकोंडा म्हणणं हा तर सरळ अन्याय, त्यांचं न बोलणं हा स्वभावाचा हट्ट नसतो.

*माणसाळलेला.* ऐकायला वाटतं माणसांत रमणारा. पण हा जनावरांसाठीचा शब्द आहे, रानटी प्राणी माणसाच्या सवयीचा झाला की तो माणसाळला. माणसाबद्दल फक्त चेष्टेत.

६. लिंग सांभाळा

हे पटकन सांगते. विशेषणाच्या शेवटी 'आ' असेल तर ते बदलतं: बोलका, बोलकी, बोलकं, बुजरा, बुजरी, बुजरं, एकलकोंडा, एकलकोंडी, एकलकोंडं. शेवटी 'आ' नसेल तर सगळ्यांना एकच: मनमिळाऊ, लाजाळू, भिडस्त, अबोल, गप्पिष्ट, लाघवी, मितभाषी, खडूस. बडबड्याचं बडबडी, बडबडं होतं. आदरार्थी बोलताना 'काका फार बोलके आहेत', इथे 'बोलका' म्हटलं की काकांचा आदर गेला.

७. अडलं की विशेषण सोडा, क्रियापद धरा

ही पायरी मला सगळ्यात उशिरा कळली आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडली. विशेषण माणसावर शिक्का मारतं, क्रियापद फक्त काय घडतं ते सांगतं. आणि मराठीत ह्यासाठी इतकी चांगली क्रियापदं आहेत:

- मिसळणे: 'तो पटकन मिसळतो', 'फारसा मिसळत नाही'.
- रमणे: 'ती माणसांत रमते', 'ती तिच्या चित्रांत रमते'. दोन्ही वाक्यं सारखीच प्रेमळ आहेत बघा, कोणीच कमी नाही.
- रुळणे: नव्या ठिकाणी हळूहळू सवय होणे. 'अजून रुळला नाहीये' म्हटलं की वेळ दिल्यासारखं होतं.
- खुलणे: 'ओळख झाली की खुलतो'.
- बुजणे: 'नव्या माणसांत बुजते'.
- अंग चोरणे: गर्दीत स्वतःला आक्रसून घेणे. (कामात अंग चोरणे म्हणजे मात्र कामचुकारपणा, संदर्भ बघा.)
- फटकून वागणे: मुद्दाम दूर राहणे. ह्यात तक्रार आहे.
- तुटक बोलणे: एक-दोन शब्दांत संपवणे. हे त्या दिवसाचं, त्या वेळेचं वर्णन असू शकतं, अख्ख्या स्वभावाचं नाही.

भाचीच्या पुढच्या वर्षीच्या बाईंनी काय लिहिलं होतं सांगते: 'नव्या ठिकाणी सुरुवातीला बुजते. ओळख झाल्यावर मोकळेपणाने बोलते, खूप प्रश्न विचारते.' मुलगी तीच, आणि बहिणीने ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली.

८. कुठे लिहिताय ते बघा

*लग्नाचा बायोडेटा.* 'मनमिळाऊ, सुस्वभावी, हसतमुख' ही तिन्ही विशेषणं सगळ्यांचीच असतात, वाचणारा पुढे सरकतो. त्याऐवजी एक खरं वाक्य लिहा, 'माणसांची आवड आहे, पण रोज थोडा वेळ एकट्याने लागतो.' अशा वाक्यावर पुढे खरा संवाद होतो.

*मुलांच्या नोंदी.* महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यावर शिक्षकांना वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात, विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक अशा. वर्गात भरपूर मुलं, वेळ कमी, मला त्यांची ओढाताण समजते. तरी विनंती एवढीच की घुमा, एकलकोंडा, आगाऊ, वाचाळ हे चार शब्द नोंदीत येऊ देऊ नका. 'गटात बोलायला प्रोत्साहन हवे', 'इतरांना बोलू देण्याची सवय हवी' ह्यातून तेच कळतं आणि पुढे काय करायचं तेही कळतं.

*नोकरीचं शिफारसपत्र.* मितभाषी, संयत, सहकाऱ्यांशी जुळवून घेणारा, जनसंपर्क चांगला. लाघवी, माणूसवेडा इथे नको, ते घरगुती आहेत.

*निरोपाचं कार्ड किंवा वाढदिवसाचा मेसेज.* इथे शब्दापेक्षा प्रसंग लिहा. मी आता विशेषण लिहायचंच टाळते.

९. पाठवायच्या आधीची परीक्षा

तीन गोष्टी करा, दोन मिनिटांचं काम आहे. वाक्य मोठ्याने वाचा. मग तो शब्द त्या माणसाच्या तोंडावर, त्याच्या आईसमोर म्हणता येईल का ते मनात म्हणून बघा, अबोल म्हणता येतं, घुमा म्हणता येत नाही, फरक लगेच जाणवतो. आणि शेवटी तोच शब्द त्याच स्वभावाच्या बाईला, पुरुषाला, मुलाला लावून बघा, एकाला कौतुक आणि दुसऱ्याला टोमणा होत असेल तर बदला.

वहीत पहिलं पान रिकामं ठेवू नका. आजच घरातल्या किंवा कामावरच्या तीन माणसांबद्दल एकेक ओळ लिहा, एक बोलकं, एक गप्प आणि एक असं ज्याच्याबद्दल तुम्हाला पक्कं ठरवता येत नाही. तिसऱ्याला बहुतेक क्रियापदच लागेल. मग ती ओळ तुमच्या विश्वासाच्या माणसाला वाचून दाखवा आणि ऐकताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा.